एकाच खोलीत बर्फ आणि भट्टी

निवड करावी तर मी! आमच्या घरात बाळाच्या दुपट्यापासून दुधाच्या बाटलीपर्यंत एकही वस्तू माझ्या चौकशीतून सुटून आत आलेली नाही. दुकानदार मला लांबूनच ओळखतात आणि गल्ल्यावर दुसऱ्या कोणालातरी बसवून आत जातात. नवरा म्हणतो, "लग्नाच्या वेळी मात्र तू घाई केलीस हं!" त्याच्याकडे मी लक्ष देत नाही.

म्हणून आमच्या इमारतीला नवी, वीज वाचवणारी यंत्रणा बसवायचं ठरलं, तेव्हा निवड समितीत माझं नाव येणार हे मला आधीच ठाऊक होतं. जुने खिडकीतले एसी काढायचे आणि सगळ्या इमारतीसाठी मिळून एक हीट पंप घ्यायचा, असा तो बेत. आमच्या अध्यक्षांना सगळे नियमकाका म्हणतात, कारण 'नियमाप्रमाणे' म्हटल्याशिवाय ते चहासुद्धा ढवळत नाहीत. ते म्हणाले, "नियमाप्रमाणे समितीत एक तरुण सभासद हवा. शिवाय तुम्हाला घेतलं नाही तर तुम्ही रोज दारात येऊन विचारणार. त्यापेक्षा आत बसा!"

मी अभ्यासाला लागले. एका हाताने पिटुकलीला खिमट भरवायचं आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर वाचायचं. पिटुकली म्हणजे आमची दहा महिन्यांची लेक. थोडं खिमट मोबाइललाही मिळायचं, पण डोक्यात प्रकाश पडला. मी लगेच सासूबाईंना समजावून सांगितलं.

"आई, हा हीट पंप म्हणजे उष्णतेचा हमाल! उन्हाळ्यात घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि थंडीत बाहेरची आत आणतो. स्वतः काही तापवत बसत नाही, नुसती ने-आण करतो. म्हणून वीज कमी लागते."

सासूबाईंनी स्वेटरचं वरचं बटण लावलं. त्यांना बाराही महिने थंडी वाजते. "थंडीत बाहेर कुठली आलीय उष्णता? मग आणणार कोणाच्या घरातून?"

"हवेतून, आई!"

"म्हणजे शेजाऱ्यांच्याच की! उद्या ते भांडायला आले तर तू पुढे हो. मी दार उघडणार नाही."

तिकडून नवरा बनियनवर पंख्याखाली उभा राहून ओरडला, "हमाल चांगला दांडगा आण गं! माझी उष्णता उचलायचीय!"

त्याला बाराही महिने उकडतं. एकाच घरात राहणारे हे दोन ऋतू आणि त्यांच्यामधोमध मी.

पण खरी गोम पुढेच होती. यंत्र दोन आकारांत मिळणार होतं. लहान घेतलं तर ते मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी मावत होतं. मोठं घेतलं तर त्याला छताशिवाय जागा नव्हती. आम्ही राहतो सर्वांत वरच्या मजल्यावर. छताला आधार भक्कम कुठे आहे, तर पिटुकलीच्या पाळण्याच्या बरोब्बर डोक्यावर!

पिटुकलीची झोप तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून तुम्हाला काही वाटणार नाही. छतावर एखादं कबूतर जरा टाच आपटून चाललं तरी ती उठते आणि मग सगळ्या इमारतीला उठवते. तिच्या डोक्यावर घरघरणारं धूड? मी मनात म्हटलं, इमारत विकायला लागली तरी चालेल, पण यंत्र लहानच आलं पाहिजे!

इंजिनिअरही माझ्याच बाजूचा निघाला. गोल, हसरा माणूस. यंत्रांबद्दल अगदी लेकरांबद्दल बोलावं तसा बोलायचा. "ताई, जेवढी गरज तेवढंच यंत्र! गरजेपेक्षा मोठं घेतलं की ते खोली झटक्यात गार करतं, बंद पडतं, पुन्हा धडपडत उठतं, पुन्हा बंद पडतं. वीज खातं, वर कटकट! लहान यंत्र बिचारं हळूहळू, न थांबता, मुकाट काम करतं. पण आधी घराचा स्वभाव बघायला हवा. सर्वांत जास्त तापणारी खोली कोणती?"

"आमची!" मी उडी मारली. "वरचा मजला, पश्चिमेची खिडकी. पिटुकलीची खोली."

त्याने साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी त्या खोलीतल्या फळीवर ठेवली. आठवडाभर खोलीचं तापमान ती आपोआप नोंदवणार होती. सबंध इमारतीचं यंत्र ठरणार होतं ते त्या डबीच्या शब्दावर.

"हिला हात लावायचा नाही," इंजिनिअर म्हणाला. "हलवायची नाही, झाकायची नाही. विसरूनच जायचं."

"आमच्याकडे?" मी हसले. "अहो, शिस्तीचं घर आहे हे!"

पहिले एक-दोन दिवस डबी आपल्या फळीवर होती. मी येता-जाता तिच्याकडे कौतुकाने बघत होते. मग एका दुपारी बघते तर काय, डबीला घाम फुटलेला! अंगभर पाण्याचे थेंब! ओल! माझ्या लेकीच्या खोलीत ओल! भिंतींवरून हात फिरवला, गादी उलटीपालटी केली, पाळण्याखाली पालथी पडून फरशी चाचपली. सगळं कोरडं ठणठणीत. रडत होती ती फक्त डबी.

आता हात लावायचा नाही हे मला मान्य आहे. पण पुसणं म्हणजे काही हात लावणं नव्हे! मी ती पुसली. पुसल्यावर वाटलं, अशी ओली, गारठलेली उघड्यावर कशी ठेवायची? म्हणून पिटुकलीच्या लोकरीच्या टोपीत गुंडाळली आणि कपाटात दुलयांच्या मधे ठेवली. थोडा वेळच हं! सुकली की पुन्हा फळीवर. दुसऱ्या दिवशी पाहते तर पुन्हा तोच घाम! पुन्हा टोपी, पुन्हा कपाट. मी दिवसातून तीनदा नाक पुसत होते, पिटुकलीचं आणि डबीचं.

घरात मी कोणाला बोलले नाही. उगाच सासूबाईंना ओलीची धास्ती कशाला घालायची? आणि नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. तो म्हणाला असता, "मला घाम येतो तेव्हा कोणी टोपी घालतं का?"

आठवडा संपला. इंजिनिअर डबी घेऊन गेला आणि तळमजल्यावर सभा भरली. पिटुकली माझ्या मांडीवर, शेजारी नवरा, पलीकडे शाल पांघरलेल्या सासूबाई. इंजिनिअरने भिंतीवर आलेख दाखवला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठेतरी गहाळ झालं होतं.

आलेख कसला, डोंगरदऱ्यांचा नकाशा होता तो! एक सुळका वर, एक कडा सरळ खाली, मधे सपाट पठार, पुन्हा सुळका!

"माझ्या उभ्या नोकरीत," इंजिनिअर म्हणाला, "असं घर मी पाहिलेलं नाही. या खोलीत रोज संध्याकाळी भट्टी पेटते आणि दुसऱ्या दुपारी बर्फ पडतो! त्यानंतर थोडा वेळ असं काही स्थिर होतं, की जणू खोली जमिनीत पुरली आहे. मग पुन्हा भट्टी!"

सभेत कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी विचारलं, "वर बेकरी वगैरे चालते का हो?"

नियमकाकांनी चष्मा पुसला. "नियमाप्रमाणे राहत्या घरात बेकरी चालवता येत नाही."

"आम्ही नाही चालवत!" मी किंचाळले.

"मग बर्फाचा कारखाना?"

"ते काही असो," इंजिनिअरने सुस्कारा टाकला. "भिंती गळक्या असतील, छत फुटकं असेल. अशा घराला लहान यंत्र म्हणजे हत्तीला चमच्याने पाणी पाजणं. मोठंच घ्यावं लागेल. छतावर."

"ज्यांची संमती आहे त्यांनी नियमाप्रमाणे उजवा हात वर करावा," नियमकाका म्हणाले.

हात वर जायला लागले. मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं: पाळण्यात पिटुकली, तिच्या वर छत, छतावर ते धूड आणि धूड धडपडत उठतंय, बंद पडतंय, पुन्हा उठतंय! माझा धीर सुटला. पिटुकलीसकट मी ताडकन उभी राहिले.

"थांबा! डबी टोपीत होती!"

सगळे हात जिथल्या तिथे थिजले.

"कशात?" इंजिनिअर.

"लोकरीच्या टोपीत. कपाटात. दुलयांच्या मधे. अहो, तिला घाम फुटला होता!"

इंजिनिअरने आलेखातल्या पठारावर बोट ठेवलं. "म्हणजे ही जमिनीत पुरलेली खोली म्हणजे..."

"टोपी," मी पुटपुटले.

"पण टोपीने बर्फ पडत नाही, ताई!"

सासूबाईंनी शाल सावरली. "मी आपली फ्रिजमध्ये ठेवत होते हो. दुपारी, ही आंघोळीला गेली की."

"आई!"

"ओरडू नकोस! मी सकाळी फळीवर धूळ पुसायला गेले, तर ती डबी तापलेल्या तव्यासारखी! म्हटलं, जळून गेली तर इंजिनिअर भरपाई मागेल. फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी छान बसायची. थंड झाली की परत ठेवायची मी. आता तेवढ्याने घर थंड आहे असं कोणाला वाटलं असतं आणि जरा ऊब जास्त देणारं यंत्र मिळालं असतं, तर माझ्या हाडांनी दुवाच दिला असता. पण तो काही माझा हेतू नव्हता!"

"पण ती तापलीच कशी?" मी विचारलं.

आणि मी, सासूबाई, इंजिनिअर, नियमकाका, एवढंच काय पिटुकलीसुद्धा, असे सगळे एकाच दिशेला वळलो. नवरा भिंतीवरचं घड्याळ फार बारकाईने बघत होता.

"मी फक्त टीव्हीच्या मागे ठेवायचो," तो घड्याळालाच म्हणाला. "सामना चालू असेपर्यंत. तिथे जरा गरम असतं. मला वाटलं, आपल्याला किती उकडतं ते कोणीतरी नीट मांडायला हवं ना! सामना संपला की परत फळीवर. सकाळी इस्त्री करताना आठवण झाली तर जरा इस्त्रीशेजारी."

"तू सकाळी इस्त्री करतोस?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "मला म्हणालास शर्ट तसेच कडक वाळतात, इस्त्री लागतच नाही!"

"शिस्तीचं घर," इंजिनिअर म्हणाला आणि खाली बसला.

नियमकाकांनी सभा तहकूब केली. नियमाप्रमाणे डबी फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांना काय शिक्षा असते, ते त्यांना सापडेना. त्याचाच त्यांना जास्त त्रास झालेला दिसला.

मोजणी नव्याने करायची ठरली. या वेळी इंजिनिअरने डबी भिंतीवर स्क्रूने पक्की केली, वर जाळी लावली आणि जाताना सासूबाईंकडे, नवऱ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने असं पाहिलं, की पिटुकलीनेही खुळखुळा लपवला. आठवडाभर आम्ही तिघं एकमेकांवर पाळत ठेवून होतो. सासूबाई खोलीत गेल्या की नवरा त्यांच्या मागे, नवरा गेला की मी त्याच्या मागे. पिटुकलीला वाटलं, नवा खेळ आहे.

पुन्हा सभा. माझे तळहात असे घामेजले होते, की मी डबी असते तर स्वतःला टोपीत गुंडाळलं असतं. भिंतीवर आलेख उमटला. सुळके गेले होते, कडे गेले होते. उन्हाबरोबर सावकाश चढणारी आणि उन्हाबरोबर सावकाश उतरणारी एक शहाणी रेघ.

"भिंती उत्तम! छत उत्तम!" इंजिनिअरचं हसू परत आलं होतं. "लहान यंत्र अगदी पुरेल. अंगणात बसेल. विजेचीही बचत!"

मी पिटुकलीचा एवढा मोठा पापा घेतला, की ती रडायला लागली.

"फक्त एक गोष्ट," इंजिनिअर म्हणाला आणि त्याने रेघ मोठी करून दाखवली. जवळून पाहिलं तर तिला कंगव्यासारखे बारीक बारीक दाते होते. सगळे दिवसाच्या त्याच वेळी, जेव्हा पिटुकली झोपलेली असते. तिच्या झोपेच्या वेळा मीच त्याला आधी लिहून दिल्या होत्या. "बाळ झोपलं, की या खोलीचं दार सारखं उघडतंय. बाहेरची हवा आत शिरतेय. ही सवय बंद झाली, तर लहान यंत्राला घोर नाही. कोण उघडतं दार?"

मी सवयीने नवऱ्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"मी फक्त बघते," मी म्हटलं. "ती श्वास घेतेय की नाही ते!"

"ती झोपते आणि ही उठवते," सासूबाई सभेला म्हणाल्या. "आणि वर विचारते, कबूतर होतं का?"

नियमकाकांनी ठराव मांडला: यंत्र लहान घ्यावे, अंगणात बसवावे, आणि वरच्या मजल्यावरील मातेने बाळ झोपले असता दार उघडू नये. एकमताने मंजूर. माझ्या नवऱ्याने तर दोन्ही हात वर केले.

यंत्र आलं. अंगणात बसलं. काय सांगू तुम्हाला, लोण्यासारखं चालतं! खोली ना गार ना गरम. सासूबाईंनी स्वेटरचं एक बटण सोडलं आणि नवऱ्याने बनियनवर शर्ट चढवला. आवाज म्हणाल तर मुळीच नाही. भिंतीला कान लावला तरी ऐकू येत नाही. पिटुकली आता दुपारभर गाढ झोपते.

झोपली असती, म्हणजे. पण एवढं मुकाट चालणारं यंत्र बंद पडलं, तर बाहेरून कळणार कसं? तेवढं बघायला मला मधूनमधून दार उघडावं लागतं.