टाउनोची गावठी कॉफी

पोस्टाच्या गाडीवरून टाउनो निवृत्त झाला आणि हौकीलाहती गावाने त्याला सुगीच्या जेवणाचा प्रमुख केले. शाळेत वर्गाचा मॉनिटरसुद्धा कधी न झालेल्या टाउनोने हा मान फारच मनावर घेतला. पहिल्याच बैठकीत त्याने दोन नियम मांडले. जेवणातला प्रत्येक जिन्नस गावच्या शेतातला, रानातला किंवा तळ्यातला हवा. आणि घासभरही अन्न फेकायचे नाही. मागच्या वर्षी उकडलेल्या बटाट्यांची रास उकिरड्यावर गेलेली सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे माना डोलल्या.

तेवढ्यात लोकर विणणाऱ्या किल्लिक्कीने विचारले, “आणि कॉफी? ती कुणाच्या शेतात पिकते?”

हौकीलाहतीत कॉफीशिवाय माणसाला पुरतसुद्धा नाहीत.

“ते माझ्यावर सोपवा,” टाउनो म्हणाला.

डँडेलियनची मुळे भाजून दळली की थेट कॉफी होते, असे त्याने कुठेतरी वाचले होते. पिवळ्या फुलांचे ते तण गावात मुबलक. टाउनो कुदळ घेऊन अंगणोअंगणी फिरला. फुकटात तण निघतेय म्हणून लोकही खूश झाले. धुरामुळे बायकोने, इर्मेलीने, त्याला स्वयंपाकघरातून हाकलले, तेव्हा त्याने ती मुळे सौनाच्या भट्टीवर भाजली. त्यानंतर सौनात वाफ घ्यायला जाणारा माणूस करपलेल्या पावासारखा वास घेऊन बाहेर येऊ लागला. पहिला कप इर्मेलीने चाखला, कसाबसा गिळला आणि जरा वेळ खिडकीबाहेर पाहून ती म्हणाली, “रंग छान आलाय.” टाउनोने ते कौतुक समजून पदरात पाडून घेतले.

जेवण सुरेख झाले. तळ्यातले भाजलेले मासे, काळा पाव, रानातली लाल बेरी; ताटे पुसून लख्ख झाली. मग टाउनोने सभागृहातले सगळ्यात मोठे पातेले पुढे आणले आणि स्वतःच्या हाताने प्रत्येकाचा कप भरला.

त्याचे मन मोडायला कुणीच तयार नव्हते. हाच माणूस वर्षानुवर्षे फावड्याने बर्फ उपसत त्यांच्या दारापर्यंत पत्रे घेऊन आला होता. पण कॉफी घशाखाली उतरत नव्हती, आणि फेकायची तर बंदी. म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी शेजाऱ्याला खिडकीतून बगळा दाखवला आणि तेवढ्यात आपली कॉफी त्याच्या कपात ओतली. शेजाऱ्याने ती पुढे सरकवली. असे करत करत टाउनोची पाठ वळली की जो तो आपला कप गुपचूप पातेल्यात रिकामा करू लागला.

बऱ्याच वेळाने टाउनोने झाकण उचलले. पातेले काठोकाठ भरलेले. सगळ्यांनी पिऊनही कॉफी उरली, म्हणजे आपला अंदाज चुकला असणार, असे त्याला वाटले. मग लक्षात आले की सभागृह निम्मे रिकामे आहे. माणसे जरा मोकळी हवा खायला म्हणून जात होती आणि तृप्त चेहऱ्याने परतत होती.

तो मागोमाग गेला. लाकडाच्या वखारीमागे रांग लागली होती. रांगेच्या टोकाला त्याच्याच गाडीची डिकी उघडी होती आणि इर्मेली किटलीतून खरीखुरी कॉफी ओतत होती. टाउनोला पाहून रांग गोठली. पाद्रीबाबांनी कप कोटाच्या आत लपवला. पण कोटाच्या गळ्यातून वाफ येत राहिली.

इर्मेलीचा हात थांबला. “सांगणार होते रे,” ती हळूच म्हणाली. “पण ती मुळं तू एकेक करून ब्रशनं घासत बसला होतास. मग जीभच रेटली नाही.”

टाउनो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मागे वळून बघायचा कुणाला धीर होईना. त्याची पाळी आली तेव्हा तिने विचारले, “तू स्वतः प्यायलास का ती?”

“सकाळी एक कप,” टाउनो म्हणाला. “तेव्हापासून तोंड कडू आहे. जरा जास्त साखर घाल.”

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसले, मग सगळेच हसले, आणि हसता हसता पाद्रीबाबांचा कप कोटातच सांडला.

पण दुसऱ्या नियमावर टाउनो अडून बसला. पातेले ओतायचे नाही म्हणजे नाही. सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. एकटी किल्लिक्की आपला पांढरा लोकरी स्कार्फ चोळत होती. कप पातेल्यात परतवताना तिच्या हातून त्यावर थोडी कॉफी सांडली होती, आणि कितीही धुतले तरी डाग निघत नव्हता. तिने स्कार्फ उजेडात धरला, उलटसुलट केला आणि विचारले, “टाउनो, पातेल्यात किती उरलीय म्हणालास?”

त्या हिवाळ्यात हौकीलाहतीत लहानथोर सगळ्यांच्या हातात एकाच रंगाचे, खरपूस तपकिरी हातमोजे दिसले. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातली एक बाई फोटो काढायला आली. तिने रंगाची कृती उतरवून घेतली आणि विचारले, पुढच्या वर्षीही ही कॉफी करणार का? टाउनो अवघडून इकडेतिकडे पाहू लागला.

“करणार म्हणजे काय, करायलाच हवी,” किल्लिक्की म्हणाली. “अजून टोप्या राहिल्यात.”