वामनकाकांची लाइन

बंद पडलेलं यंत्र समोर आलं की बाकीचे लोक त्याला थापट्या मारतात, हलवून पाहतात, शेवटी शिव्या देतात. वामनराव धकाते आधी त्याची विचारपूस करत. ऑफिसातल्या इंटरकॉमचा डबा मांडीवर घ्यायचा, त्याला कान लावायचा, बटण दाबायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "हॅलो." मग उत्तराची वाट पाहायची. डब्याची तार भिंतीतून निसटून खाली लोंबते आहे हे आम्हा सगळ्यांना दिसत असे. त्यांनाही दिसत असे. तरी ते वाट पाहत. एकदा मी विचारलंच, की तार तुटलेली असताना हॅलो कोणाला म्हणता. ते म्हणाले, "बाई, बिमार माणसाच्या घरी गेल्यावर एकदम त्याचं पोट दाबशीन का? आधी बोलावं लागते."

मी उमरेडहून नागपुरात टायपिस्ट म्हणून आले तेव्हाची ही गोष्ट. शहरात टेलिव्हिजन अजून आलेला नव्हता आणि ज्याच्या घरी फोन तो माणूस गल्लीत जरा छाती काढून चालायचा. आमची कंपनी सीताबर्डीवर शेतीचे पंप विकायची. खाली काउंटर, मागे गोडाऊन, वर मालकांची केबिन आणि तिच्या शेजारी हिशेबाचा विभाग. मालकांना जिना चढून आलेल्या माणसाकडून निरोप ऐकायला आवडत नसे, म्हणून त्यांनी कलकत्त्याहून इंटरकॉम मागवला होता. प्रत्येक टेबलावर रेडिओएवढा एक डबा. बटण दाबून बोललं की तिकडच्या डब्यातून आवाज बाहेर पडायचा, तोही खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. निदान तसा पडावा अशी अपेक्षा होती.

धकाते हिशेबात होते. इंटरकॉमशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण तो पहिल्यांदा बंद पडला तेव्हा सगळ्यांनी हात टेकल्यावर जेवायला निघालेल्या धकात्यांनी जाता जाता तो उलटा केला. आतून एक मेलेलं झुरळ खाली पडलं आणि इंटरकॉम बोलू लागला. त्या झुरळानं त्यांचं आयुष्य बदललं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनच्या जागी टेस्टर आला आणि मनगटावर काळ्या चिकटपट्टीचं कडं. हजेरीपटावर टेस्टरनं सही करायचा प्रयत्न करताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. शाई येत नाही म्हणून त्यांनी तो दोनदा झटकलाही.

त्यांच्या तोंडी यंत्र कधी बिघडत नसे. ते रुसायचं, त्याला सर्दी व्हायची, त्याच्या घशाला कोरड पडायची. खरखर आली की सर्दी, आवाज बारीक आला की अशक्तपणा. आणि सगळ्या दुखण्यांवर त्यांचं एकच मत होतं: "दोष डब्यात नसते, जोडात असते." मग ते सगळे जोड सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. त्यांच्या हाताला गुण होता, यात शंका नाही. फक्त तो कुठे येईल याचा भरवसा नव्हता. हिशेबातला डबा दुरुस्त करायला बसावं आणि गोडाऊनमधला सुरू व्हावा, असं फार वेळा झालं. गोडाऊनचे लोक त्यांना देव मानत. हिशेबातले मानत नसत.

एकदा सर्दी काढताना त्यांनी हिशेबाची तार काउंटरला आणि काउंटरची हिशेबाला लावली. त्याच दुपारी वर्ध्याकडचा एक शेतकरी पंपाची तक्रार घेऊन पुन्हा आला. मालकांनी केबिनच्या खिडकीतून त्याला पाहिलं आणि हिशेबाचं बटण दाबून फर्मावलं, की तो वर्धावाला फिर आया है, बोलो सेठ कलकत्ता गया. हा आवाज काउंटरवर, त्या शेतकऱ्याच्या हनुवटीखाली, खणखणीत उमटला. शेतकऱ्यानं डब्याकडे वाकून, धकात्यांसारख्याच अदबीनं, विचारलं, "सेठजी, कलकत्त्याहून कधी येता?"

त्याला नवा पंप मिळाला. धकात्यांना केबिनमध्ये बोलावणं आलं. तिथे त्यांनी मालकांना सांगितलं म्हणतात, की लाइन सरळच होती, बोलणं वाकडं होतं. संध्याकाळी गोडाऊनचा डबा रुसल्यावर मात्र मालकांनीच पुन्हा विचारलं की धकाते कुठे आहेत.

धकात्यांना मी घरी काका म्हणायची, कारण राहायला त्यांच्याच घरी होते. काकू उमरेडच्या, माझ्या आईच्या ओळखीतल्या, म्हणून गोळीबार चौकामागच्या त्यांच्या घरी मला वरची खोली मिळाली. ती सगळी गल्ली विणकरांची. सकाळी जाग यायची ती मागांच्या खटखटीनं. काका शिकून नोकरीला लागले होते. त्यांचे थोरले भाऊ काशीनाथ मात्र गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, बरोबर समोर, वडिलांच्या मागावर अजून नऊवारी लुगडी विणत होते. दोन्ही घरांच्या छपरांवर एकेक बांबू उभा होता, आणि एका बांबूपासून दुसऱ्यापर्यंत, रस्त्यावरून, एक तार गेली होती.

तो काकांचा घरचा इंटरकॉम. ऑफिसात टाकून दिलेले दोन डबे मालकांकडून मागून आणून त्यांनी तो बसवला होता. रोज संध्याकाळी दिवेलागणीला काका आपल्या डब्यापाशी बसायचे, बटण दाबायचे आणि म्हणायचे, "हॅलो, टेस्टिंग. आवाज येऊन राहिला का?"

समोरून एक जाड आवाज यायचा. "येऊन राहिला."

एवढंच. मग काका बटण सोडायचे आणि हातपाय धुऊन जेवायला बसायचे.

पहिले काही दिवस मला वाटलं, खरंच काही तपासणी चालली आहे. मग लक्षात आलं की या दोन वाक्यांपलीकडे दोघं भाऊ एकमेकांशी काही बोलत नाहीत. रस्त्यात समोरासमोर आले की एकाला अचानक चप्पल नीट करायची असायची आणि दुसऱ्याला आभाळ पाहायचं असायचं. काकूंनी मला भाजी निवडता निवडता सगळं सांगितलं. काशीनाथच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि ते तिच्यासाठी स्वतःच्या हातानं लुगडं विणत होते, लाल, रुंद काठाचं. डोळ्यांना त्रास होतो म्हणून काकांनी, न विचारता, त्यांच्या मागावर एक बल्ब लावून दिला. जोड काकांनीच मारला होता. बल्ब पेटला, ठिणग्या उडाल्या आणि अर्धं विणलेलं लुगडं मागावरच जळलं. काशीनाथ ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, की तू माग सोडला, आता माह्या मागाले हात लावू नको. पोरगी दुकानातून आणलेल्या लुगड्यावर सासरी गेली.

"मग ही तार कशी आली?" मी विचारलं.

तार काकूंच्या सासूबाईंमुळे आली होती. त्या थोरल्याकडे राहत. पाय गेल्यावर त्यांना गल्ली ओलांडून धाकट्याकडे येता येईना. त्यांनी हुकूम सोडला, की वामनचा आवाज मले रोज ऐकू आला पाहिजे. आईपुढे काशीनाथचं काही चाललं नाही. काकांनी तार ओढली आणि आई रोज संध्याकाळी डब्यातून विचारायची, काय भाजी केली. त्या गेल्यावर डबा तिथेच राहिला. तेराव्याला काका त्या घरात गेले ते शेवटचे. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सवयीनं बटण दाबलं, आणि आता कोण आहे तिकडे हे आठवून काय बोलावं ते सुचेना, म्हणून टेस्टिंग म्हणाले. तिकडून काशीनाथनं उत्तर दिलं. तेव्हापासून टेस्टिंग सुरू होतं.

मी काकांना एकदा सहज म्हटलं, की रोज कशाला तपासता, चांगली चालते आहे ना. ते म्हणाले, लाइन गरम ठेवावी लागते.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावाची पीडा वेशीबाहेर नेणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत, आमच्या गल्लीतल्या पोरांनी डासांचा बडग्या केला होता. बांबू आणि रंगीत कागदांचा हा पुतळा त्यांनी इतका उंच केला की तो ज्या अंगणात बांधला तिथून बाहेर काढायलाच अर्धी सकाळ गेली. एक हात वर, हातात भलीमोठी फवारणीची पिचकारी. ढोल वाजत बडग्या आमच्या दारासमोर आला, पिचकारीत काकांची तार अडकली, आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी ती दोन ठिकाणी तुटली, टोकं छपरांवर लोंबत राहिली. गाव इडापिडा घेऊन जा म्हणून ओरडत होतं आणि बडग्या सोबत काकांची तार घेऊन चालला होता. काका बनियनवर त्याच्या मागे धावले. "अगा, थांबा गा, लाइन आहे ते," असं ते ओरडत होते, पण ढोलांपुढे कोणाला ऐकू जाणार. चौकाच्या पुढपर्यंत जाऊन ते हातात तारेचा एक तुकडा घेऊन परत आले. गल्लीतले लोक हसत होते. तेही हसले.

मला वाटलं होतं, दुपारपर्यंत नवी तार लागेल. हा माणूस शेजारच्या डॉक्टरांची घंटा, किराणा दुकानाचा रेडिओ आणि मारुतीच्या देवळातला लाउडस्पीकर न बोलावता दुरुस्त करून यायचा. पण त्या दिवशी तार लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी शिडी धरायला तयार होते. काका म्हणाले, सध्या हवा ओली आहे. मग म्हणाले, त्या जाडीची तार इतवारीत मिळत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन तशीच तार आणून दिली, तर ती उलटसुलट पाहून म्हणाले की ही तांब्याची दिसते पण आहे की नाही कोण जाणे.

ऑफिसात मात्र त्यांचा उत्साह वाढला होता. धडधाकट डबेसुद्धा ते उघडून पाहू लागले, आणि एका आठवड्यात कंपनीतला एकही इंटरकॉम बरा राहिला नाही.

दिवेलागणीला ते आपल्या डब्यापाशी बसायचे. बटण दाबायचे नाहीत. जरा वेळ बसून उठायचे.

"दुसरा बांबू त्या छपरावर आहे," काकू मला म्हणाल्या. "तिथं चढाले विचारावं लागते. इकडचा विचारत नाही, तिकडचा बोलावत नाही. मी काय करू वं?" त्यांनी जावेला निरोप द्यायचाही प्रयत्न केला होता, पण दोघींनाही आपापल्या घरी ताकीद मिळाली, की यात पडू नका.

मग एका संध्याकाळी, उजेड अजून होता, मी अंगणात कपडे काढत होते आणि काशीनाथ गल्ली ओलांडून आले. मी त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. काकांसारखंच नाक, पाठ मागावर बसून वाकलेली, बोटांना रंग. हातात तुटलेल्या तारेचं भेंडोळं. ते फाटकाच्या आत आले नाहीत. काका ओट्यावर बसलेले होते, ते उठून उभे राहिले आणि टेस्टर चाचपू लागले.

"तुही तार माह्या छपरावर पडून राहिली," काशीनाथ म्हणाले. "पोरांच्या पायात येते."

"काढून टाक मंग," काका म्हणाले.

काशीनाथनं भेंडोळं फाटकावर ठेवलं. समोरच्या दारात त्यांची बायको उभी होती. आमच्या दारात काकू.

"काढाची असती तं आई गेली तवाच काढली असती," ते म्हणाले. "मले आता चढता येत नाही. तूच चढ."

काका समोरच्या छपरावर चढले. शिडी मी आणि काशीनाथनं धरली. काकांनी वर जाऊन बांबूला नवी तार बांधायला सुरुवात केली आणि खालून काशीनाथनं तोंड सोडलं. ही काय गाठ आहे, ही सुटणार, गाठ अशी मारतात का, हे तुले कोणी शिकवलं, बाबानं तं नाही. काका वरून म्हणाले की तारेची गाठ वेगळी असते. काशीनाथ म्हणाले की गाठ ती गाठ. दोघं एवढ्या वर्षांचं सगळं त्या एका गाठीवर भांडले. गल्लीतले माग थांबले. लोक बाहेर येऊन पाहू लागले. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, त्या हसत होत्या की रडत होत्या मला सांगता येणार नाही.

काका उतरेपर्यंत काशीनाथच्या बायकोनं चहा ठेवलाच होता. मलाही आत बोलावलं. काका माग असलेल्या खोलीतच बसले, कारण बसायला दुसरी जागा नव्हती. मागावर एक हिरवं लुगडं चढलेलं होतं. चहा येईपर्यंत काका दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून बसले, चुकूनसुद्धा कशाला लागू नयेत म्हणून. काशीनाथनं ते पाहिलं. कप त्यांनी स्वतः काकांपुढे धरला, आणि काकांना हात पुढे करावेच लागले.

ती गाठ सुटलीच. थंडी सुरू व्हायच्या आत लाइन पुन्हा मेली. त्या दिवसापासून दिवेलागणीला काशीनाथ हळूहळू गल्ली ओलांडून येऊ लागले. ओट्यावर बसायचे, आवाज येत नाही म्हणून तक्रार करायचे, काय भाजी आहे ते विचारायचे आणि चहा घेऊन, कधी जेवून, परत जायचे. काका त्यांना रोज सांगायचे, पाहतो, उद्या पाहतो. तार घरात पडलेली होती, हवा कोरडी होती, शिडी भिंतीला टेकलेली होती. एका रविवारी मी न राहवून म्हटलं, की काका, जोडून टाका ना एकदाची, त्यांना रोज यावं लागतं.

काकांनी आधी समोरच्या दाराकडे पाहिलं. काशीनाथ नुकतेच घरातून निघत होते.

"राहू दे वं बाई," ते म्हणाले. "चालू झाली तं तो तिकडूनच बोलन. बंद आहे म्हणून येते."