सुलोचनाबाईंची टाच आणि माझं पपईशास्त्र

मटण शिजवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या ग्वाल्हेरात सापडायचा नाही, हे मी अगदी नम्रपणे सांगतो! युक्ती एकच. कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवायचा. शीर कितीही चिवट असो, लोण्यासारखी होते. पपई अंगणातलीच, आमच्या हिने, म्हणजे सुलोचनाबाईंनी, बी लावून वाढवलेली. पिकली की रोज सकाळी ती फोडी करून खाते.

ही पहिल्यापासून भरभर चालणारी. खासगी बाजार नावाच्या आमच्या पेठेत ती पुढे, मी पिशवी घेऊन मागे, असाच आमचा संसार झाला. यंदा तिची टाच दुखायला लागली. एके दिवशी मी मागे वळून पाहिलं, तर ही एका दुकानाच्या पायरीशी भिंत धरून उभी. तिच्या पुढे चालायची मला सवयच नाही. पिशवी तिथेच टाकून मी मागे धावलो.

इंदरगंजात डॉक्टर हर्षिता बसते, माझे मित्र महिपतराव यांची मुलगी. तिने समजावलं की पोटरीला टाचेशी बांधणारी एक कंडरा असते. तिचे झिजलेले धागे शरीरातले एंझाइम कापून काढतात आणि पेशी नवे विणतात. हिच्या टाचेत कापणं फार झालंय, विणणं मागे पडलंय. पुढेही तिने बरंच सांगितलं, पण मी केव्हाच घरच्या अंगणात पोचलो होतो. अहो, पपईतही एंझाइमच असतात! मी मटणातली शीर वितळवत होतो आणि ही रोज सकाळी स्वतःची!

ही मुरारला बहिणीकडे गेली, तेवढ्यात मी झाड तोडलं. फळं गल्लीत वाटून टाकली. शेजारच्या लीलाताईंचा गुडघा दुखतो, म्हणून त्यांना मात्र मुद्दाम दिली नाहीत. त्या अजून रुसलेल्या आहेत.

ही परत आली आणि बुंध्याकडे बघत राहिली. मी सगळं शास्त्र सांगितलं. तिने शांतपणे हर्षिताला फोन लावून माझ्या हातात दिला.

“काका, पपई तो पेट में पच जाती है, टाचेपर्यंत कशी जाणार? आणि शरीरातले एंझाइम काही दुश्मन नाहीत. जुनं काढल्याशिवाय नवं कुठे विणणार? पायरीवर उभं राहून टाच हळूहळू खाली न्यायची, असं सांगितलं होतं ना? त्या ताणानेच विणणं वाढतं. काकूंकडून करवून घेतलं का?”

कुठलं! मी तर तिला पाणीसुद्धा जागेवर नेऊन देत होतो.

“मला एकदा विचारायचं तरी,” ही म्हणाली.

“घाबरलो होतो गं. तू मागे राहिलीस ना, त्या दिवसापासून.”

तिने हात पुढे केला. “चला, पायरीपर्यंत धरा.”

तेव्हापासून रोज ती पायरीवर टाच खाली नेते आणि मी तिचा दंड धरून उभा राहतो. पपईवाचून मटणाचं जे व्हायचं ते झालंच. महिपतराव जेवायला आले आणि एकच तुकडा इतका वेळ चावत बसले की पोळ्या गार झाल्या.

परवा आम्ही खासगी बाजारात गेलो. ही इतकी पुढे निघून गेली की मला हाक मारावी लागली. गर्दीतून तिची पाठ दिसली आणि माझे डोळे भरून आले. गाठलं, तेव्हा ती पिशवीत कच्च्या पपया भरत होती. पिशवी तिने माझ्या एका हातात दिली, दुसऱ्या हातात पपईचं रोप दिलं आणि पुन्हा भराभरा पुढे.

आता माझी टाच दुखायला लागलीय. पण सांगणार कुणाला? ऐकू जाईल इतकी ती जवळ असते कुठे!