शेवंतामावशीचा थोरला आणि धाकटा

माझा उजवा हात वाचवला तो शेवंतामावशीनं. आधी तिचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते.

मावशी आमची घरमालकीण, चाकणच्या जुन्या गावकरी घरातली. खोली बघायला गेले तेव्हा तिनं माझं नावही विचारलं नाही. मनगट धरलं, अंगठा रुतवला आणि पडलेला खळगा बघून म्हणाली, "पाणी साठलंय. बांगड्या काढ." मी घाबरून काढल्या. वाटलं, डिपॉझिट म्हणून ठेवून घेतेय.

मी हिंगोलीकडची. सातवीतच शाळा सुटली, आता कंपनीत पॅकिंगला आहे. छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, आणि पुढं हात सुजायला लागला. खोक्याला टेप लावता येईना. हात गेला की काम गेलं, काम गेलं की परत गाव. सारखं हेच डोक्यात.

मावशीचंही तेच ऑपरेशन झालेलं. बाकी बाया लपवतात. ही पाण्याच्या रांगेत सांगते. तिचा सुजरा हात 'थोरला', दुसरा 'धाकटा'. "थोरला रुसलाय, हंडा तू उचल," असं कुणालाही फर्मावते. आरोग्य शिबिरात नर्स थोरल्याला बीपीचा पट्टा बांधायला गेली, तर हिनं धाकटा पुढं केला. म्हणाली, "ह्याला बांध. ह्यो सोशीक हाय."

पूर्वी ती बाळंतिणींना तेल लावायची. तिच्या हाताखाली बाया कळवळायच्या म्हणे. म्हणून तिनं मालिश करते म्हटल्यावर मी दात आवळून बसले, आणि थक्कच झाले. तेल नाही, रगडणं नाही. आधी मोठे श्वास घ्यायला लावले. मग मानेपाशी, मग चांगल्या बाजूच्या काखेत, मग पाठीवर बोटं फिरली, झोपलेल्या बाळावरची माशी हाकलावी इतकी हलकी. सुजलेला हात सगळ्यात शेवटी. साठलेल्या पाण्याला आधी पुढची वाट मोकळी करून द्यायची, हे तिला हॉस्पिटलात शिकवलेलं.

माझ्या खोलीतल्या सुनीताला हे काही पटेना. ही कसली मालिश, म्हणाली, आणि मायेनं तेल कोमट करून माझा हात कचकचून रगडला. सकाळी हात लालभडक, अंगात ताप.

मी मावशीकडं धावले, तर ती मागं सरकली. "आज बोट लावायचं न्हाई. दवाखान्यात चल." दिसेल त्याचा हात धरणारी बाई, पण रिक्षात स्वतःचे दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली. तिला इतकं घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

हातात जंतुसंसर्ग झाला होता, चोळलं तर तो आणखी पसरतो. औषधांनी ताप उतरला. डॉक्टर हो म्हणाले तेव्हाच तिनं परत मालिश सुरू केली, वरून सूज दाबून धरणारी दाबपट्टी बांधायची. सूज पूर्ण जात नाही, पण आटोक्यात आली, जडपणा गेला. आज मी टेप लावते.

एकदा विचारलं, मावशी, तुमची मालिश कोण करतं? म्हणाली, माझी मीच. आणि पाठीची? तिथं तर आपला हात पोचत नाही.

तिनं चहाची कपबशी उगाच पुसली. "हे करायचे. माझ्यासंगं हास्पिटलात शिकले व्हते. ते गेल्यापास्नं पाठ तशीच ऱ्हाती." मुलगा पिंपळे गुरवला असतो, फोन करतो. पण हे काय सांगायचं त्याला.

मी उठून तिच्या मागं जाऊन बसले. सगळ्या चाळीला दटावणाऱ्या मावशीनं पाठीवरचा पदर बाजूला केला. मी बोटं फिरवायला लागले तशी म्हणाली, "हळू गं."

मालिश करताना माझा हात अजून जोरात पडतो. पुढच्या तपासणीला हॉस्पिटलातल्या बाईंकडून पाठीचं नीट शिकून घेणार आहे. मावशी, तुमचे उपकार कधी फिटतील ते माहीत नाही. पण तुमची पाठ मी तशीच राहू देणार नाही.