मागची टाच

डावा पाय पुढे, उजवा मागे.

थोरल्यांनी पाय अगदी तसेच टाकले, आणि दोन्ही थेट ओल्या सिमेंटमध्ये रुतले.

खरं तर ते गवंड्याचं भलं करायला गेले होते. दारापुढची फुटकी पायरी नव्याने करताना तो पाय जोडून, वाकून थापी फिरवत होता आणि सारखा तोल जाऊन हातांवर येत होता. थोरले तरुणपणी बॉक्सिंग शिकलेले. पुढे सगळी नोकरी टपालखात्यात टेबलामागे बसून झाली, पण कोणी चुकीचं उभं राहिलं की अजून त्यांना राहवायचं नाही.

"अरे, असा उभा राहिलास तर कोणी शिंकलं तरी पडशील. हे बघ!" म्हणत ते अनवाणीच पुढे सरसावले.

"काका, पाय! पाय!"

"पायच तर दाखवतोय!"

गवंड्याने कपाळाला हात लावला. कपाळालाही सिमेंट लागलं. "बाहेर या. एका हातासरशी पुसून टाकतो."

थोरले बाहेर आले, वळले आणि विरघळले. दोन पावलं उमटली होती. मध्ये खांद्यांइतकं अंतर, पुढचं जरा आत वळलेलं, मागचं तिरकं. इतक्या वर्षांनीही तोच पवित्रा!

"पुसायचं नाही."

"काका, लोक हसतील."

"एकाने बघितलं की झालं. मग खुशाल फोड."

तो एक, म्हणजे धाकटा भाऊ, संध्याकाळी यायचा होता.

गुडघे सैल.

बॉक्सिंग शिकवणाऱ्या मास्तरांचा क्लब म्हणजे गोदामाचा मागचा भाग. चामडं, घाम आणि ओला सुंभ यांचा मिळून एक वास यायचा, तो शर्टाला घरापर्यंत चिकटून यायचा. दोघा भावांत हातमोज्यांचा एकच जोड होता. आज डावा थोरल्याकडे, उजवा धाकट्याकडे, उद्या उलट. पाय मात्र प्रत्येकाला आपापले होते आणि मास्तरांचं सगळं लक्ष तिथेच.

मास्तर मागे स्टुलावर बसत. "तोंड काय बघायचंय तुमचं? माणूस मागून कळतो," म्हणत. मग काठी जमिनीवर आपटायची आणि आवाज यायचा, "टाच!" मागची टाच जमिनीपासून सुटलेली हवी, टेकली की माणूस जागचा हलत नाही. नाव ते कधीच घेत नसत. मागे वळून बघावं, तर हात गळून पडेपर्यंत दोरीच्या उड्या.

"तुला म्हणाले."

"मला कशाला? तुलाच."

घरी जाताना रोज हेच. शाळा सुटली, नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, तरी जेवता जेवता एकाने नुसतं "टाच!" म्हणावं आणि दुसऱ्याला ठसका लागावा.

मग मास्तर गेले. शोकसभेत थोरले बोलायला उभे राहिले. लोक गंभीर होते, ते त्यांना बघवलं नाही. "माझ्या भावाच्या टाचेने मास्तरांचं आयुष्य कमी केलं," म्हणाले. सभा खो खो हसली. धाकटे उठले, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर दोघांत शब्द नाही.

धाकट्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. थोरल्यांनी त्या दिवसापासून चष्मा बदलला नाही. दुसऱ्या दुकानात जाणं जमेना आणि त्या दुकानात जाववेना. आता धाकटे दुकान आवरून मुलीकडे, दूरच्या गावी कायमचे चालले होते. थोरल्यांच्या बायकोने परस्पर फोन करून त्यांना चहाला बोलावलं होतं. पायरीचं कामही तिनेच काढलं होतं. धाकट्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

वजन मधोमध.

दुपारी ती बाहेर आली, तेव्हा पायरी टणक झाली होती.

"हे काय?"

"पुरावा," थोरले म्हणाले. "बघू दे त्याला, टाच कोणाची टेकायची ते."

ती वाकली. "अहो, मागची टाच टेकलीय की."

"काहीतरीच!"

त्यांनी चष्मा पुसला, उलटसुलट करून बघितला, शेवटी खाली बसून बोट घातलं. टाच होती. अख्खी, गोल, चांगली खोल. वाटीभर आमटी मावली असती.

गवंड्याला फोन केला. तो म्हणाला, "आता छिन्नी-हातोडा. उद्या."

उरलेलं सिमेंट कालवून खड्ड्यात भरलं, तर ते पाण्यासारखं वाहून गेलं. कुंडी ठेवली, तर बायको म्हणाली, "भावजी काय कुंडीवरून उडी मारतील?" पायपुसणं टाकलं, तर ते नेमकं खड्ड्यात बसलं आणि भावाची काठी अडकायची सोय झाली. तेवढ्यात फाटक वाजलं. थोरल्यांनी पायपुसणं फेकलं आणि पावलांवर पावलं ठेवून उभे राहिले. पाय तसे पडले की हात आपोआप वर जातात. तेही गेले.

धाकट्यांनी फाटकातून पाहिलं. इतक्या वर्षांनी भाऊ दारात उभा होता, मुठी आवळून.

"वहिनी, चहालाच बोलावलंय ना?"

"तुम्ही या हो आत. ते असेच उभे आहेत सकाळपासून."

"ये," थोरले म्हणाले. हलले नाहीत.

धाकटे काठी टेकत शेजारून वर चढले. दारात पोचले आणि वळले. समोर भावाची पाठ होती. थकलेली मान, उसवलेली कॉलर, सैल गुडघे आणि खाली ती टाच. धाकट्यांच्या हातातली काठी त्यांना न विचारता पायरीवर आपटली.

"टाच!"

थोरल्यांची टाच ताडकन वर गेली. खालचा खड्डा उघडा पडला.

धाकटे बघत राहिले. मग हसू लागले, इतके की भिंतीला टेकावं लागलं. "दादा, सिमेंटमध्ये? कायमची?"

"हस, हस," थोरले पाठमोरेच म्हणाले. "त्या दिवशी सभेत मी... नको ते बोललो रे."

"आता सिमेंटच बोललंय. तू गप्प बस."

"एक मिनिट, भावजी," बायको दारातून म्हणाली. "काठी आपटलीत तेव्हा तुमचीही टाच उठली होती. ऑपरेशनवाल्या पायाची."

धाकट्यांनी खाली पाहिलं. अजून उठलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी गवंडी हातोडा घेऊन आला, तेव्हा पायरीवर दोघे म्हातारे बसले होते. धाकट्यांनी दुकानातून आणलेली नंबर तपासायची भिंगं थोरल्यांच्या डोळ्यांवर होती.

"फोडू का, काका?"

"हात लावू नकोस," धाकटे म्हणाले. "दादा, आधी तुझी उठली."

"तू आधी उचललीस, मग ओरडलास!"

दोघांनी आत बघून हाक मारली. काल दोघांच्या टाचा बघणारी थोरल्यांची बायको एकटीच होती.

"मी नाही बाई बघितलं," आतून आवाज आला. "गावी पोचलात की फोनवर भांडा."