द्वारकाकाकीचं स्पॅनिश

आमच्या शेजारची द्वारकाकाकी म्हशीचं दूध स्पॅनिशमध्ये काढते. एका सडाला "कांताबा", दुसऱ्याला "कांताबास", की बादलीत धार सुरू. पोलादपूरवरच्या आमच्या वाडीत सुरुवातीला लोक हसले. "हसूदेत. जीभ माझी हाय," काकी म्हणाली. आता मराठीत बोललं तर म्हैसच लाथ झाडते.

हे तिने मोबाईलवरून उचललं. 'कांतार' म्हणजे गाणं, 'कांताबा' म्हणजे गायचा. एकदाच गायला असं नव्हे, नेहमी गायचा. एवढा एकच धडा तिने धरून ठेवलाय. मोबाईलमधली बाई पुढे बोलावते, तर तिच्यावरच डाफरते, "फुडचा तुझ्याजवळ ठेव गो!" मी म्हटलं, काकी, निदान 'गातो' तरी शीक. "आता तो गातो का रडतो, मी हिथून काय सांगू? गायचा, ते मला म्हाईत हाय."

तो म्हणजे तिचा मुलगा महेश. स्पेनमध्ये एका हॉटेलात आचारी आहे. बायको तिथलीच, मुलगी लुसिया सात वर्षांची. लेकीला त्याने सांगून ठेवलंय, आपण मुंबईचे. आईलाही तंबी दिली, तिच्यासमोर गुराढोरांचं काही काढायचं नाही. ऐकून माझंच डोकं फिरलं. काकीने मात्र दुसऱ्या दिवसापासून गोठ्यात पाठांतर सुरू केलं.

रेंज आमच्याच पडवीत येते, म्हणून फोन तिथूनच. परवाच्या रविवारी स्क्रीनवर लुसिया दिसली आणि काकीने पदर खोचला.

"तू पापा कुइदाबा बुफालोस!" म्हणजे, तुझा बाप म्हशी राखायचा.

"आई!" मागून महेश ओरडला.

"गप रे! मी माझ्या नातीशी बोलते हाय."

म्हशीच्या पाठीवर बसून गायचा, नदीत डुंबायचा, शाळेचं नाव काढलं की रडायचा. काकीने सगळं सांगून टाकलं. पोर टाळ्या पिटत होती. मला तर नाचावंसं वाटलं.

मग लुसियाने काहीतरी विचारलं. काकी पहिल्यांदाच अडखळली.

"एस्पेराबा," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे काय काकी?"

"मी काय करायची, इचारते. सांगितलं, वाट बघायची."

महेशने मान खाली घातली. लुसिया त्याचा हात हलवून पुन्हा पुन्हा काही विचारत होती.

काकीने फोन तोंडाजवळ धरला. "सांग तिला," ती म्हणाली. "कुनाची ते सांग."