चिलखती माशांचे बाबर मास्तर

आमच्या शेजारचे बाबर मास्तर भूकंपाला घाबरण्याआधी त्याचं वर्गीकरण करायचे. मोठ्या भूकंपानंतरची ती वर्षं. कोयनानगरची जमीन अधूनमधून हलायचीच. भांडी वाजली की आम्ही आपापली पोरं काखोटीला मारून अंगणात, आणि मास्तर दारात उभे. "कुल तेच, प्रजाती निराळी! हा भांडीवाला. भिंतवाला नव्हे. जा आत."

मास्तर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. घरात एकटेच. सोबतीला काचेच्या पेटीत मुंबईहून आणलेले बोटभर लांबीचे, मिशीवाले तीन मासे.

"कोरिडोरस! आपल्या कृष्णेतल्या शिंगाळ्याचा लांबचा भाऊबंद. गण एकच, मांजरमाशांचा. पण शिंगाळ्याचं अंग उघडं, याला हाडाच्या पट्ट्या आहेत, कौलं रचल्यासारख्या. म्हणून कुल वेगळं, चिलखती."

तिसऱ्याबद्दल मात्र त्यांना संशय होता. त्याच्या पाठीवरचा पर जरा जास्तच लांब, म्हणजे प्रजाती दुसरीच असावी. भिंग घेऊन पराच्या काड्या मोजायला बसले की मासा नेमका वळायचा. "हलू नकोस रे," मास्तर विनवायचे. कोयनानगरात राहून!

पुढे कुणीतरी उठवलं, माशांना भूकंप आधी कळतो. झालं! मास्तरांच्या खिडकीवर वसाहतीचा पहारा बसला. एके सकाळी एक मासा सुळकन वर आला, पाठोपाठ दुसरा. समोरच्या हौसाकाकू किंचाळल्या, "आवं पळा, मासं उसळलं!" अख्खी ओळ रस्त्यावर.

जमीन गप्प. मास्तर वैतागून बाहेर आले. "अहो, श्वास घ्यायला येतो तो वर! हवा गिळतो आणि आतड्यात शोषतो."

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय?" काकूंनी रस्त्यातच फतकल मारली. आम्ही हसलो खरे, पण घरात पहिलं पाऊल टाकायला कुणी तयार होईना.

खरा धक्का आला तो एका दुपारी. मासे तळाशी निवांत पडून होते म्हणे. जमिनीखालून गाडी गेल्यासारखी घरघर झाली आणि आमच्या भिंतीला डोळ्यांदेखत चीर गेली. बायको-पोरांना घेऊन मी बाहेर पळालो. मास्तरांचं दार उघडंच होतं, दारात मास्तर नव्हते. मी आत धावलो.

ते पेटीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले होते. पाणी हिंदकळून अंगावर सांडत होतं.

"मास्तर, चला!"

त्यांनी वर पाहिलंच नाही. गाल काचेला टेकवून पुटपुटत होते, "भिऊ नका. मी हाय. मी हाय." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'हाय' मी पहिल्यांदा ऐकलं.

जमीन थांबली. मी त्यांच्याजवळ खाली बसलो.

"मोठ्या भूकंपाला मी साताऱ्याला मुक्कामी होतो," ते काचेकडे बघत म्हणाले. "आमची ही इथं घरात एकटी. लय भित्री होती ओ. भांडं पडलं तरी हाका मारायची मला."

बाहेरून बायको मला हाका मारत होती. "आहे गं, इथंच आहे!" मी ओरडून सांगितलं आणि पेटीला माझ्या बाजूनं हात लावला. पाणी अजून हलत होतं.